पूर्णगडचा शर्ट

आमच्या बागेत मोहोर फुटला का, हे बघायला माझ्या वडिलांना बागेत जावं लागत नसे. मला घरात शिंका सुरू झाल्या की ते हातातला कप खाली ठेवत आणि चपला शोधायला लागत. सकाळी उठल्या उठल्या सात-आठ शिंका, मग डोळे चोळणं, मग टाळूला अशी खाज की जिभेनं खरवडत बसावं. गडीमाणसं हसायची. "पोरीला शिंका लागल्या, मोहोर आला म्हणायचा," असं म्हणत कामाला लागायची. बाबाही हसत, पण अर्धंच. शिंकांच्या मागोमाग आठ-दहा दिवसांत काय येतं हे त्यांना ठाऊक होतं.

पावसच्या अलीकडे, कातळावर आमची बाग आहे. आजोबांनी कातळ फोडून, खालून डोक्यावरून माती आणून त्यात हापूसची कलमं लावली. कोकणात थंडी पडत नाही असं घाटावरचे लोक म्हणतात. त्यांनी डिसेंबरात पहाटे आमच्या खळ्यात अनवाणी उभं राहून दाखवावं. धुकं कलमांच्या शेंड्यांवर बसलेलं असतं, खालच्या सुक्या पातेऱ्यावर दंव टपटपत असतं, आणि त्यात मोहोराचा तो वास, गोडसर, जरा आंबूस, घशात उतरून बसणारा. गावाला तो वास म्हणजे वर्षाची बेगमी. मला तो आजही आवडतो. माझ्या छातीला मात्र आवडत नाही, आणि या एका बाबतीत आमच्या दोघींचं कधी जमलं नाही.

मोहोर आला की त्याची उठबस सुरू. ढगाळ हवा झाली की त्याच्यावर तुडतुडे पडतात, मोहोर काळा पडून गळतो. म्हणून संध्याकाळी कलमांखाली धुरी करायची. पातेऱ्याचे ढीग करून पेटवायचे आणि वर ओलं गवत टाकायचं, म्हणजे जाळ होत नाही आणि धूर भरपूर येतो. जोडीला औषधांची फवारणी. त्या धुरावर वरून धुकं दाबून बसायचं आणि सगळं घर त्यात बुडून जायचं. आई दारं-खिडक्या लावून फटींत जुनी लुगडी कोंबायची. लुगड्यांनी अडावा असला धूर असता तर तो तुडतुड्यांनी तरी कशाला मनावर घेतला असता?

मग माझी धाप. मांडीवर उशी, उशीवर कोपर, आणि समोरच्या कॅलेंडरातल्या चौकोनांकडे बघत एकेक श्वास ओढायचा. दम्यात श्वास आत घेता येत नाही असं लोकांना वाटतं. खरा त्रास तो बाहेर टाकताना होतो. जुना श्वास छातीत ठाण मांडून बसतो आणि नव्याला जागाच देत नाही. घरात उपायांना तोटा नव्हता. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची, नाकात तूप सोडायचं, कोरी कॉफी पाजायची, शिवाय येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक मुळी सुचवून जायचा. सगळं थकलं की बाबा मला पाठीवर घेऊन पाखाडीच्या पायऱ्या उतरायचे आणि पावसला डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन द्यायला लावायचे. त्यांच्या शर्टाला धुराचा वास असायचा. मी त्यालाच बाबांचा वास म्हणायचे, आणि त्यांच्या पाठीत नाक खुपसून तोच ओढत राहायचे. दम्याच्या पेशंटनं करू नये ते सगळं मी फार लहानपणी करून घेतलं आहे.

मी दुसरीत असताना डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, "मोहोराच्या दिवसांत पोरीला बागेत ठेवू नका." झालं. तेव्हापासून नाताळची सुट्टी लागायच्या आधीच माझी पिशवी भरली जाऊ लागली. बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या, पूर्णगडला राहायची. तिचे यजमान तिथल्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे माझी शाळा बुडाली तरी शिक्षक काही सुटत नसत. इतर मुलांची सुट्टी आठवडाभराची. माझी महिना-दीड महिना चालायची, आणि त्याबद्दल वर्गातल्या मुली माझा हेवा करायच्या.

"किती दिवस?" एसटीत बसताना मी विचारायचे.

"वाटाण्याएवढी फळं धरेपर्यंत," बाबा म्हणायचे. "मग येतो न्यायला हां, बायो."

म्हणजे माझं घरी येणंही आंब्यावरच अवलंबून. आमच्या घरात दोघांचं पटत नव्हतं, मोहोराचं आणि माझं. बाबांनी दोघांतल्या एकाला घराबाहेर काढायचं ठरवलं आणि काढलं ते मला. सात वर्षांच्या डोक्यात हा हिशेब इतका सरळ बसला की पुढे तो कधी तपासून बघावासा वाटला नाही.

आत्याचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडी समुद्राला मिळते तिथे, माडांत होतं. आंब्याचं झाड औषधाला नाही. मागच्या अंगाला विहीर आणि तिच्यापलीकडे कोळ्यांच्या होड्या. दिवसभर खारा वारा. सुकत घातलेल्या मासळीचा वास यायचा, पण त्यानं मला कधी काही केलं नाही. तिथे माझी छाती दोन दिवसांत मोकळी व्हायची, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा. निदान तिथेही धाप लागली असती तर परत तरी नेलं असतं.

आत्याचा एक स्वभाव आधी सांगायला हवा. चांगली वस्तू वापरायची नसते, ती ठेवायची असते, अशी तिची श्रद्धा. नवी चादर ठेवणीत, काचेचे पेले ठेवणीत, कोणी दिलेला साबणसुद्धा कपड्यांच्या घड्यांत. शेजारच्या मुसलमान घरातले एक काका आखातात बोटीवर कामाला होते. वर्षाकाठी दोन महिने घरी यायचे. त्यांना स्वतःलाच दमा. एकदा माझी घरघर ऐकून त्यांनी आपल्या बॅगेतला एक निळा पंप मला आणून दिला. आमच्याकडे तोवर कोणी तसली वस्तू पाहिलीही नव्हती. "असा हालवायचा, तोंडात धरायचा, दाबायचा नि ओढायचा. मग दहा मोजेपर्यंत श्वास सोडायचा नाय," असं त्यांनी चार वेळा करून दाखवलं. आत्यानं तो पंप दोन्ही हातांनी घेतला, स्वतःच्या लग्नातल्या शालूत गुंडाळला आणि लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली यजमानांच्या जानव्याला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी वारा फिरला आणि न्हाणीच्या चुलीत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा धूर सरळ पडवीत आला. मला धाप लागली. पंप पेटीत, किल्ली जानव्याला, जानवं शाळेत सहावीला भूगोल शिकवतंय. आत्या पेटीचं कुलूप वरवंट्यानं ठोकत बसली. शेवटी तो आवाज ऐकून बोटीवाले काका आपला पंप घेऊन धावत आले. मला बरं वाटल्यावर ते आत्याकडे वळले.

"औषध हाय का दागिना, गो? पेटीत ठेवून पोरगी वाचते काय?"

"खराब होईल म्हणून ठेवला होता," आत्या रडत म्हणाली.

त्या दिवसापासून निळा पंप पडवीतल्या खिळ्याला, माझा हात पोचेल इतक्या उंचीवर, सुतळीनं टांगलेला असे. आल्यागेल्याला वाटायचं, काहीतरी दृष्टबिष्ट काढायचा प्रकार असेल.

दर रविवारी बाबा मला भेटायला यायचे. माझ्या रागाचं खरं मूळ या रविवारांत होतं.

सकाळची एसटी वर नाक्यावर थांबायची. आत्याच्या पडवीतून नाका दिसायचा. मी आठपासून खांबाला धरून उभी. बाबा उतरायचे, हातात पिशवी, अंगात तो नेहमीचा मळखाऊ शर्ट. मला वाटायचं, आता सरळ खाली येतील. तर ते पडवीकडे न बघताच घराला वळसा घालून मागे माडांत दिसेनासे व्हायचे. मी धावायला लागले की आत्या दंडाला धरायची. "थांब गो. येतो तो." तो येणं म्हणजे चांगला तासभर. मागल्या दारानं यायचे तेव्हा केस ओले, अंगाला साबणाचा वास, आणि अंगात पांढऱ्यावर निळ्या रेघांचा एक शर्ट. तो मी आमच्या घरी कधीच पाहिला नव्हता.

"इतका वेळ कुठे होतात?" मी विचारायचे.

"जरा काम होतं," बाबा म्हणायचे आणि मला उचलून घ्यायचे.

मी त्यांच्या मानेत नाक खुपसायचे. तिथे साबण. माझे बाबा तिथे नव्हतेच. पाहुण्यांकडे जाताना माणूस ठेवणीतला शर्ट घालतो, तसा हे मला भेटायला येताना घालतात, असं मला वाटायचं. आणि माझ्याकडे येण्याआधी यांना मागे काम असतं. कोणतं काम, ते मी मनात ठरवूनही टाकलं होतं: विहिरीपाशी बसून कोणाशी तरी मोहोराच्या गप्पा मारत असणार. चौथीत असताना एका रविवारी मी मुद्दाम झोपेचं सोंग घेतलं. बाबा आले, बराच वेळ उशाशी बसले, माझ्या छातीची घरघर ऐकायला वाकले, आणि दुपारच्या गाडीनं गेले. ते गेल्यावर मी उशी भिजवली. पण सोंग घेतल्याचं कोणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा सांगते आहे.

मोठी झाले तसा दमा आटोक्यात आला, राग नाही आला. मी थट्टेत तो पाजळत राहिले. माझ्या लग्नात बाबा रडायला लागले तेव्हाही मी म्हटलं, "आता कशाला? दरवर्षी पाठवतच होतात की." आई माझ्याकडे बघत राहिली. बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. ते कधीच काही बोलत नसत.

आता मी रत्नागिरीत एका शाळेत ग्रंथपाल आहे. धुळीची ॲलर्जी असलेल्या बाईनं जुनी पुस्तकं सांभाळायची नोकरी धरावी, याला काय म्हणायचं ते म्हणा. पण मला माझा दमा आता पाठ आहे. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. निळा पंप वेळप्रसंगाला, पण पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. नाताळची सुट्टी जवळ आली की माझी तयारी लग्नघरासारखी असते. रजया आठवडाभर आधी उन्हात, त्याही दुसऱ्या कोणीतरी झटकायच्या. माळा साफ करायचा तो दिवाळीत, पाहुणे यायच्या दिवशी नाही. धूप-उदबत्ती बंद, देवाला फुलं पुरतात. पाहुण्यांना अत्तर लावून येऊ नका असं स्पष्ट सांगते, आणि त्यांना राग आला तर येऊ देते. आधी वाईट वाटून घेतलेलं बरं, नंतर ॲम्ब्युलन्स शोधण्यापेक्षा.

आई जाऊन पाच वर्षं झाली. बाबा बागेत एकटेच असतात, सोबतीला एक जुना गडी आणि त्याची बायको. गेल्या पावसाळ्यानंतर बाबांना जिना चढताना दम लागायला लागला. "वय झालं," म्हणाले. मग अंगणातून घरात येतानाही लागायला लागला. खोकला तर किती वर्षांचा, तो त्यांच्या बोलण्याचाच भाग झाला होता. मी त्यांना बळंबळं शहरात आणून तपासलं. फुंकून दाखवायच्या यंत्रात ते दोनदा फुंकून थकले. डॉक्टर म्हणाले, हा तुमच्यासारखा दमा नाही. पन्नास वर्षं धूर आणि फवारणी छातीत गेली आहे. जे गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा. मग माझ्याकडे बघून सरळ म्हणाले, "या वर्षी मोहोराच्या दिवसांत ते बागेत राहिले आणि परत धुरी-फवारणीत उभे राहिले, तर पुढचा मोहोर ते बघतील असं मी सांगू शकत नाही."

बाबांनी ऐकलं. औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. दोन आठवड्यांनी मी बागेत गेले तर दोन्ही पंप कपाटात, नॅपकिनात गुंडाळलेले, न वापरलेले. भाऊ-बहीण एकाच पेटीतले.

"लागेल तेव्हा घेईन," बाबा म्हणाले. "सवय लागते त्याची."

"पंपाची सवय लागते आणि धुराची नाही लागत?"

ते हसले आणि हसता हसता खोकले. मी एक सुतळी शोधली आणि पंप त्यांच्या खाटेशेजारच्या खिळ्याला टांगले. इथवर त्यांनी मला करू दिलं. पण पूर्णगडला चला म्हटल्यावर मान फिरवली. सगळी व्यवस्था ठरवून मी गेले होते. आत्या तिथेच आहे, ऐंशी उलटली तरी जीभ शाबूत. मी रजा काढते, नाताळची सुट्टी धरून बाग मी बघते, रोज सकाळी शहरातून येईन, मास्क लावीन, फवारणीच्या दिवशी पाऊल टाकणार नाही.

"मोहोर सोडून जाऊ?" बाबा म्हणाले. "उभ्या जन्मात गेलो नाही."

इथे माझ्या तोंडून ते निघालं. चाळीस वर्षं थट्टेत घोळवलेलं, त्या दिवशी थट्टा नव्हती.

"मला सोडता येत होतं ना? दरवर्षी? मग मोहोर सोडायला काय झालं?"

बाहेर खळ्यात गड्याची बायको केर काढत होती, तिचा खराटाही थांबला. बाबा खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून. मी तशी बसायचे. आधी त्यांनी श्वास पुरता केला.

"हो," म्हणाले. "तुला सोडलं होतं." आणि मग, जमिनीकडे बघत, "किती दिवस?"

मला रडू आलं. सावरून मी म्हटलं, "वाटाण्याएवढी फळं धरेपर्यंत."

दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना पूर्णगडला सोडलं. वाटेत ते प्रत्येक बागेपाशी काच खाली करून मोहोर बघत होते आणि मी ती वर करत होते. आत्या पडवीत वाट बघत होती. तिनं भावाला खुर्चीत बसवलं आणि त्याचे कपडे ठेवायला जागा करावी म्हणून मला आत नेऊन ती जुनी लोखंडी पेटी उघडली. वरच्या घड्या उचलल्या आणि खालून एक शर्ट काढून माझ्या हातात दिला. पांढऱ्यावर निळ्या रेघा. घडीच्या रेषेवर पिवळा पडलेला.

"हा कशाला ठेवलायस अजून?" मी विचारलं.

"पूर्णगडचा शर्ट तो," आत्या म्हणाली. "इथेच असायचा. दादा रविवारी आला की घालायचा."

मी शर्ट उलटसुलट करून बघितला. तेव्हा तिनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

"तुला माहीत नाही होय गो?"

मग तिनं सांगितलं. पहिल्या वर्षीच्या पहिल्या रविवारी बाबा नाक्यावरून धावतच खाली आले होते आणि त्यांनी मला उचलून छातीशी धरलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी बागेत धुरी केली होती. सगळा धूर आणि मोहोर त्यांच्या कपड्यांत, केसांत. आठवडाभर बरी असलेली मी त्यांच्या खांद्यावरच घरघरायला लागले; मला त्यातलं काही आठवत नाही. त्यांनी मला खाली ठेवलं आणि लांब जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना हे सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच कळलं. पुढच्या रविवारपासून ते आधी विहिरीवर जायचे. डिसेंबरच्या गार वाऱ्यात रहाटानं पाणी काढून डोक्यावरून आंघोळ, दोन-दोनदा साबण लावून. अंगावरचे कपडे आत्या शेवटच्या माडाला, वाऱ्याच्या पलीकडे, टांगून ठेवायची. जाताना ते परत तेच घालून जायचे. हा शर्ट बाबांनी कधी बागेत नेला नाही, घरीही नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तो सांगू नको म्हणाला. पोरीला कळलं तर ती म्हणेल, माझ्यापायी बाबांना गारठ्यात आंघोळ करावी लागते, येऊच नका. लहान असताना तू तशीच होतीस," आत्या म्हणाली. "एकदा तू झोपली होतीस तर तसाच परत गेला. केस पुसलेलेही नव्हते धड."

मी शर्ट नाकाशी नेला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणखी कसलाच नाही. बाहेर पडवीत बाबा खोकत होते. मला बाहेर जायला बराच वेळ लागला.

मग बागेतले दिवस. रोज सकाळी मास्क बांधून कलमांतून फिरायचे आणि बाबांना फोनवर सांगायचे. त्यांचा पहिला प्रश्न मोहोर कसा आहे हा, आणि दुसरा मी पंप घेतला का हा. पंपाचा प्रश्न मीही उलटा त्यांना विचारायचे. धुरी अजिबात करायची नाही असं मी गड्याला बजावलं होतं. शनिवारी दुपारी ढग आले. नुसते आले नाहीत, कलमांवर येऊन बसले. गडी खळ्यात येऊन उभा राहिला.

"ताई, तुडतुडा पडायला लागला हाय. धुरी नाय केली तर वरच्या भाटातल्या कलमांचा मोहोर जायचा."

ज्या धुराला मी जन्मभर बोल लावला तो आता माझ्या 'हो'साठी दारात उभा होता. बाबांना फोन करावा असं वाटलं, पण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं. माझ्या काळजीनं ते नको म्हणाले असते आणि मग आठवडाभर छताला डोळे लावून पडले असते. या मोहोरापलीकडे त्या माणसाकडे उरलं तरी काय होतं? मी गड्याच्या नाकाला दुहेरी फडकं बांधायला लावलं, स्वतः निळा पंप दोनदा ओढला, आणि "करा," म्हटलं. बागेच्या दगडी गडग्यापलीकडे, वाऱ्याच्या बाजूला उभी राहून मी धूर कलमांतून वर चढताना बघत होते. एका बाजूला मोहोर आणि एका बाजूला पोर, असा माणूस या खळ्यात किती संध्याकाळी उभा राहिला असेल हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. हिशेब सरळ नव्हता. तो कधीच सरळ नव्हता. आणि मी त्या माणसापुढे झोपेचं सोंग घेतलं होतं.

रविवारी सकाळी थेट बागेतूनच पूर्णगडला गेले. गाडी नाक्यावर लावून पाखाडी उतरायला लागले तर पडवीत बाबा दिसले. खुर्चीत नव्हते, खांबाला धरून उभे होते. मला बघून त्यांनी हात वर केला. मी दोन पायऱ्या भराभर उतरले आणि माझ्या ओढणीचा वास मलाच आला.

मी थांबले. पडवीकडे न बघता घराला वळसा घातला आणि मागे माडांत गेले. विहिरीला आता मोटर आहे, बाजूला पत्र्याची न्हाणी आहे, पण पाणी तितकंच गार आहे. डोक्यावरून ओतलं तेव्हा श्वासच अडकला. दोनदा साबण लावला. आत्यानं न सांगता स्वतःचं एक नऊवारी न्हाणीच्या दारावर टाकून ठेवलं होतं, ठेवणीतलं. माझे कपडे शेवटच्या माडाला, वाऱ्याच्या पलीकडे, ती आधीच टांगून आली होती.

लुगडं नेसायला मला वेळ लागला. ओल्या केसांनी मागल्या दारातून पडवीत आले तर बाबा अजून खांबाला धरून उभेच होते, नाक्याकडे तोंड करून. माझी चाहूल लागताच वळले. चेहरा चांगलाच घुश्शात.

"इतका वेळ कुठे होतीस?" म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांची छाती माझ्या कानापाशी घरघरत होती, पण लय धरून.

"जरा काम होतं," मी म्हटलं.

बाबांचा हात माझ्या केसांवरून फिरला आणि ओल्या केसांवर तसाच थांबला.